वडशाच्या त्या मुलीचं वय

कोर्टाच्या बातमीत दोन वयं लिहायला हवीत, असं मला फार दिवसांपासून वाटतंय. गुन्हा घडला तेव्हाचं पीडितेचं वय आणि निकाल लागला तेव्हाचं. आम्ही पत्रकार पहिलंच लिहितो. वाचणाऱ्याला वाटतं, पोरगी अजून तेवढीच आहे.

आपल्या विदर्भातलंच बघा. २६ मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. गडचिरोली जिल्हा तेव्हा झाला नव्हता, सगळं चंद्रपुरात होतं. आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी एक आदिवासी मुलगी. भावानं दिलेल्या तक्रारीवरून तिला रात्री जबाबासाठी ठाण्यात आणलं होतं. बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला थांबवलं. एका शिपायानं बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलनं विनयभंग, अशी तिची फिर्याद. डॉक्टरांनी तपासलं ते दुसऱ्या दिवशी रात्री ८ वाजता. त्यांनी अंदाजे वय लिहिलं, १४ ते १६. (कायद्याच्या पुस्तकांत हा खटला तिच्याच नावानं शिकवतात. मी ते नाव इथं लिहिणार नाही.)

आता वयाचा हिशेब धरा. १ जून १९७४ ला सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. तिला शरीरसंबंधांची सवय होती, म्हणजे संमती असणार, असा तर्क. ती १६ ते १८ ची. ऑक्टोबर १९७६ मध्ये नागपूर खंडपीठानं निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणून शिपायाला ५ वर्षं आणि हेड कॉन्स्टेबलला १ वर्ष शिक्षा दिली. ती १८ ते २०. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केल्याचं सिद्ध होत नाही, हे त्यात मोठं कारण. ती २० ते २२ ची झाली होती.

साडेसहा वर्षांत तीन निकाल. नाही, होय, नाही. मोठ्या माणसाला साडेसहा वर्षं म्हणजे एक तुकडा. १५ वर्षांच्या पोरीला ती सगळी उमेदीची वर्षं. मी इतकी वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात बसून हेच पाहत आलोय. घरचे म्हणतात, झालं ते विसर. वकील म्हणतात, काही विसरू नकोस, उलटतपासाला तारीख अन् वार विचारतील. पोरीनं नक्की करायचं काय? आणि पेशी पुढं गेली की पुढच्या तारखेआधी पुन्हा तेच सगळं आठवायचं. पुढं साक्षीत गडबड झाली की आपण लगेच म्हणतो, फितूर झाली.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला: सुनावणी बंद दाराआड, नाव छापायला बंदी, आणि पोलीस कोठडीतल्या बलात्कारात ती ‘संमती नव्हती’ म्हणाली तर कोर्टानं ते गृहीत धरायचं. वडशाचा निकाल मात्र आहे तसाच राहिला. तिच्यामुळं झालेला कायदा तिच्या कामी आला नाही.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पहिल्यांदा मुलांच्या वयाचं घड्याळ मानलं. कोर्टानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष, शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण, आणि मुलाला साक्षीला वारंवार बोलवायचं नाही. तरतूद उत्तम आहे. पण यातला ‘शक्यतो’ हा शब्द फार लवचिक. शिवाय घड्याळ दखल घेतल्यावर सुरू होतं. त्याआधी तपासात गेलेले महिने त्यात धरत नाहीत. अपिलात जाणाऱ्या वर्षांना ही मुदत नाहीच.

अजमेरचं प्रकरण आठवा. १९९२ मध्ये उघड झालं, शाळा-कॉलेजातल्या मुली. काही आरोपी फरार होते. ते एकेक करून सापडत गेले. प्रत्येक आरोपीला उलटतपासाचा हक्क आहेच, तो काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण त्याचा अर्थ असा झाला की आरोपी सापडला की खटला नव्यानं, आणि साक्षीला पुन्हा त्याच बाया. शेवटच्या सहा जणांना जन्मठेप झाली ऑगस्ट २०२४ मध्ये. ३२ वर्षं! आजी व्हायच्या वयात बाईनं कोर्टात उभं राहून शाळकरी वयातलं सांगायचं. फरार आरोपीला वेळेत पकडलं नाही, याची किंमत पोलिसांनी नाही, त्यांनी मोजली.

म्हणून मला आपल्या जिल्ह्यातला एकच आकडा हवाय: पॉक्सोच्या प्रकरणांत दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष किती दिवसांत नोंदवली गेली. उशीर झाला तर कारण लिहून ठेवायचं बंधन कोर्टावर कायद्यानंच घातलंय, म्हणजे कागद असणार. वकील मंडळींपैकी कुणी यात मदत करणार असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. आणि घरात असा खटला चालू असेल, तर कॉमेंटमध्ये गावाचं किंवा मुलीचं नाव कृपा करून टाकू नका. थेट फोन करा.