चार सूत, बारा मिलिमीटर

पाथर्डीत घर बांधायला काढलेला माणूस आजही दुकानात 'चार सुताची' सळई मागतो आणि दुकानदार त्याला बारा मिलिमीटरची काढून देतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर या तालुक्यात जी पाझर तलाव-बंधाऱ्यांची कामं निघत राहिली, त्यांवरच माझी सारी नोकरी गेली. तिथल्या मिस्त्र्यांच्या तोंडीही सूतच असे.

चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. अशा सळईचं छेदाचं क्षेत्रफळ १२६.७ चौरस मिलिमीटर. बारा मिलिमीटरचं ११३. भार तोच ठेवला, तर लोखंडातला ताण १२ टक्क्यांनी वाढतो. तीन सुताऐवजी दहा मिलिमीटर घेतली, तर उलट तो कमी होतो. नाव एकच राहिलं, तरी पोटातला हिशोब बदलला.

वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान मापं टप्प्याटप्प्याने आली. शेराचा किलो करायला एक गुणाकार पुरतो. ताणात मात्र वर भार आणि खाली क्षेत्रफळ, दोन्हींची मापं बदलतात. एक पाउंड दर चौरस इंचाला, म्हणजे ०.०७०३ किलो दर चौरस सेंटिमीटरला. साध्या सळईला जुन्या हिशोबात २०,००० पाउंडांपर्यंत ताण चाले. त्याचे १,४०६ किलो होतात. काँक्रीटच्या १९६४च्या भारतीय मानकाने, म्हणजे आयएस ४५६ने, १,४०० धरले. १९७८च्या आवृत्तीत न्यूटन आला. १,४०० किलोंचे काटेकोर १३७.३ न्यूटन दर चौरस मिलिमीटरला भरतात. मानकाने १४० केले. काही जण याला ढिलाई म्हणत. मला तो शहाणपणाचा निर्णय वाटतो. ओल्या वाळूने आणि मिश्रणात जास्त ओतलेल्या पाण्याने याहून कितीतरी मोठा फरक पडतो, हे ज्याने कामावर उभं राहून पाहिलंय तो दशांशावर भांडत नाही.

काँक्रीटचं नावही याच आवृत्तीत बदललं. किलोंतल्या 'एम १५०'चं न्यूटनमधलं 'एम १५' झालं. माल तोच, पण नवख्या पोराला वाटे, ताकद दहापट उतरली!

खरी कसोटी ताकद तपासायला काँक्रीटचा ठोकळा फोडताना लागे. पंधरा सेंटिमीटरचा ठोकळा, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर. जुन्या 'एम २००'ला त्यावर ४५ टन भार यायला हवा. नव्या 'एम २०'ला ४५० किलोन्यूटन, म्हणजे ४५.९ टन. यंत्राची तबकडी टनांत, मानक न्यूटनमध्ये. "साहेब, पंचेचाळीस आले की!" ठेकेदार म्हणे, आणि जुन्या मापाने त्याचं बरोबरच असे. मग मी त्याच्यासमोर पाटीवर मांडी: ४५ गुणिले ९.८१, म्हणजे ४४१ किलोन्यूटन, भागिले २२,५०० चौरस मिलिमीटर, उत्तर १९.६. विसाला थोडं कमी. एका ठोकळ्यावरून काम नापास होत नाही, सरासरी बघतात. पण रजिस्टरात वीस लिहिणं मला मान्य नव्हतं.

पहिल्या रकान्यात तबकडीवर दिसलेला आकडा, त्यापुढे 'टन' हा शब्द, आणि न्यूटन शेजारच्या रकान्यात, अशी पद्धत मी ठेवली. नुसते न्यूटन लिहून आणलेला कागद मी परत पाठवी. टनांना ९.८१ने गुणलं की सरसकट दहाने, हे न दिसल्याने प्रत्यक्ष किती टनांवर ठोकळा फुटला, ते त्यावरून कळत नसे.