कलेची देवी भिंतीवर, कलावंत गावकुसाबाहेर

राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून निघालेले सरस्वतीचे चित्र पाहिले नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळा. पांढरी साडी, चार हात, दोन हातांनी वाजवलेली वीणा, उरलेल्या दोन हातांत पोथी आणि जपमाळ, जवळ मोर. शाळेच्या कार्यालयात, गायनाच्या क्लासमध्ये, नाटक मंडळाच्या खोलीत हे चित्र किंवा त्याची नक्कल टांगलेली असते. चित्र देखणे आहे, त्याबद्दल आमचे भांडण नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. कला म्हणजे एक शांत, सोज्वळ, सवर्ण घरातली वाटावी अशी देवी, असे हे चित्र शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्याला सांगत आले. मग ज्या बायामाणसांनी या मातीत पिढ्यान्‌पिढ्या गायले, नाचले, सोंगे आणली, त्यांचा चेहरा या चित्रात का नाही?

आम्ही बारामती तालुक्यात लोणी भापकर आणि आजूबाजूच्या गावांत सामाजिक काम करतो. लोणी भापकरमध्ये यादवकालीन मल्लिकार्जुन मंदिर आहे, पुष्करणी आहे, यज्ञवराहाचे शिल्प आहे. ते पाहायला अभ्यासक लांबून येतात. याच तालुक्यात मोरगाव आहे, मयुरेश्वर गणपतीचे. शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे, खंडोबाची. तमाशाचा फड उभा राहिला की पहिला गण गणपतीचा होतो आणि जेजुरीच्या खंडोबाला गोरगरिबांच्या पोरी मुरळी म्हणून वाहिल्या गेल्या. म्हणजे दगड, देव आणि कला या तिन्ही गोष्टी आमच्या पंचक्रोशीतल्याच. त्यातल्या दगडावर पुस्तके निघाली, देवाची माहात्म्ये छापली गेली. नाचणाऱ्या बाईचे नाव मात्र बहुतेक वेळा कुणी लिहून ठेवले नाही.

ही रीत फक्त आपली नाही, पण जात आपलीच आहे

एखाद्या अमूर्त गोष्टीला बाईचे रूप देऊन चित्र छापायची रीत युरोपात फार जुनी आहे. चेझारे रिपा या इटालियन लेखकाने १५९३ साली अशा रूपकांचा कोशच काढला. सत्य कसे रंगवावे, न्याय कसा रंगवावा, शोकांतिका कशी रंगवावी, याचे नियम त्यात आहेत. पुढची दोनशे-तीनशे वर्षे नाट्यकलेची चित्रे त्याच वळणाची निघाली. हातात हसरा मुखवटा घेतलेली थालिया आणि रडका मुखवटा घेतलेली मेल्पोमेनी या ग्रीक देवता त्यांत हमखास दिसतात. आज नाटकाची खूण म्हणून आपण हसरा-रडका मुखवटा वापरतो, तो तिथूनच आला.

पण ज्या समाजात ही चित्रे छापली जात होती, तिथे नटाला काय मान होता? प्राचीन रोममध्ये नटाला कायद्यानेच हलके ठरवले होते. फ्रान्समध्ये १६७३ साली मोलिएर हा मोठा नाटककार वारला, तर त्याला ख्रिस्ती दफन द्यायला आधी चर्चने नकार दिला. शेवटी रात्रीच्या अंधारात त्याला पुरावे लागले. म्हणजे चित्रातल्या कलेला मान आणि हाडामांसाच्या कलावंताला अपमान, हा दुटप्पीपणा तिथेही होता.

फरक एवढाच, आणि तो मोठा आहे. तिथला कलंक धंद्याला होता. धंदा सोडला की तो मागे राहू शकत होता. आपल्याकडे तो जन्माला चिकटला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंहारा'च्या भाषणात दाखवून दिले की जात ही केवळ कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, आणि तीही वरखाली लावलेली. कलेच्या क्षेत्रात हे जितके उघड दिसते, तितके फार थोड्या ठिकाणी दिसते.

पहिला अध्याय आणि शेवटचा अध्याय

भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय नाट्यसंमेलनात मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. शूद्रांना वेद ऐकण्याचा अधिकार नाही, म्हणून ब्रह्मदेवाने सर्व वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद निर्माण केला, अशी ती कथा. ऐकायला उदार वाटते. पण वेदबंदी अन्यायाची आहे, ती उठवा, असे कथेत कुणी म्हणत नाही. बंदी तशीच ठेवून बाहेरच्यांसाठी वेगळी सोय केली जाते.

त्याच ग्रंथाचा शेवट मात्र भाषणांत येत नाही. भरताच्या पुत्रांनी ऋषींची थट्टा करणारा प्रयोग केला. ऋषी चिडले आणि त्यांनी शाप दिला की तुम्ही आणि तुमची संतती शूद्र व्हाल. म्हणजे सत्तेची टिंगल केली की कलावंताची जात खाली जाते! मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कुणाचे अन्न खाऊ नये याची यादी आहे, तिच्यात नटाचाही समावेश आहे. नाट्याला वेद म्हणायचे आणि नटाच्या घरचे पाणी प्यायचे नाही, ही आपली सांस्कृतिक परंपरा.

मळवलीचा छापखाना

रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात आला. दगडावरून रंगीत छपाई होऊ लागली आणि राजेरजवाड्यांच्या महालातली चित्रे सामान्य माणसाच्या घरात पोचली. याचे श्रेय द्यायला हवे. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही झोपडीत देवाचे चित्र येऊ शकले. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला, तेव्हा ही चित्रे घराघरात जाऊन तीसएक वर्षे झाली होती. कागदावरचा देव अस्पृश्याच्या हाताने बाटला नाही, देवळातला मात्र बाटत होता!

पण त्या चित्रांतल्या देवी आल्या कुठून? रविवर्म्यांच्या चित्रांसाठी बसणाऱ्या स्त्रियांमध्ये अंजनीबाई मालपेकर होत्या. गोव्याच्या कलावंत घराण्यातल्या या थोर गायिका. पुढे त्यांनी कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांच्यासारख्यांना शिकवले. ज्या समाजाच्या बायकांना देवळात गाण्यानाचण्यासाठी बांधून ठेवले आणि गावाने 'तसल्या' म्हणून हिणवले, त्याच समाजातल्या स्त्रीचे रूप चित्रात येऊन पुराणातली नायिका झाले, देवघरापर्यंत पोचले. तिचे रूप पूजेला चालले, तिची पोर सून म्हणून चालली नाही. छापील चित्राच्या खाली छापखान्याचे नाव आहे, चित्रकाराचे नाव आहे. समोर बसलेल्या बाईचे नाव नाही.

सरस्वती नाचली, विदूषक बोलला

मराठी रंगभूमीचा जन्म १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर' नाटकाने झाला, असे शाळेत शिकवतात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो. भाव्यांच्या नाटकात सुरुवातीला सूत्रधार यायचा, विदूषक यायचा, गणपती यायचा आणि मग मोरासह नाचत सरस्वती यायची. पुढे छापील चित्रात आपण पाहिले तेच रूपक रंगमंचावर चालत येत होते. ती सरस्वती पुरुष नट करीत असे, कारण 'घरंदाज' बाईने रंगमंचावर येणे मान्य नव्हते.

भाव्यांचे काम आम्ही नाकारत नाही. पण १८४३ च्या आधी काय महाराष्ट्र मुका होता? तंजावरच्या भोसले राजांच्या काळात मराठी नाटके लिहिली गेली होती. पेशवाईत राम जोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्या गाजत होत्या. तमाशात गण, गवळण, बतावणी असे पूर्ण नाट्य होते, संवाद होते, सोंगाड्या होता. ते रंगभूमीच्या जन्मदाखल्यात धरले गेले नाही, कारण ते करणारे महार, मांग, कोल्हाटी होते.

भाव्यांनंतर बाराच वर्षांनी, १८५५ साली, जोतिराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर बाईला आणि तिच्या कुणबी नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी त्यात आहे. विदूषकही आहे, पण तो देवीच्या पुढे माकडचेष्टा करत नाही. तो लबाडी उघडी पाडतो, प्रेक्षकाला प्रश्न विचारतो. शेवटी ते जोडपे शिकायला निघते. जोतिरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. छापून यायला १९७९ साल उजाडले. सरस्वती नाचवणाऱ्या नाटकाला राजाश्रय मिळाला आणि शूद्राला शाळेत पाठवणारे नाटक सव्वाशे वर्षे बासनात राहिले. दोन्ही नाटकांची ही गत योगायोगाने झाली, असे कुणाला वाटत असेल तर वाटो.

पवळाबाई आणि विठाबाई

संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथल्या पवळाबाई महार समाजातल्या. पठ्ठे बापूरावांच्या फडाला त्यांनी नाव मिळवून दिले. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्माने ब्राह्मण. जात आणि वतनाचा मान सोडून ते तमाशात आले, ही साधी गोष्ट नव्हती. पण इतिहासात ते 'शाहीर' झाले आणि पवळाबाई 'बापूरावांची पवळा' राहिल्या.

नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांची गोष्ट तर ताजी आहे. दिवस भरलेले असताना त्या फडात नाचल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर आल्या, हे तमाशात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. शेवटची वर्षे मात्र आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. २००२ साली त्या वारल्या. पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. हयातीत औषधाला पैसे नाहीत आणि गेल्यावर नावाचा पुरस्कार. विठाबाईंचीही आपण देवी केली, कारण देवीला पेन्शन द्यावी लागत नाही.

बाबासाहेबांनी पैसे का नाकारले

इथे आपल्याच लोकांशी बोलले पाहिजे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती घेतली नाही, असे सांगितले जाते. महार बायकांना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेतही त्यांनी हे जिणे सोडून द्या असे स्पष्ट सांगितले.

याचा अर्थ आपल्यातल्या काहींनी असा लावला की तमाशातली बाई म्हणजे समाजाला बट्टा. प्रस्थापितांनी अश्लील म्हटले, आपणही मान खाली घातली. शैलजा पाईक यांनी २०२२ साली आलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात हा 'अश्लील' शब्द जातीचे हत्यार कसा झाला ते सविस्तर मांडले आहे. आमचे म्हणणे असे आहे की बाबासाहेबांनी नाकारला तो बाजार. दलित बाईचे शरीर स्वस्त ठरवणारी आणि तिला दुसरा रस्ता न ठेवणारी व्यवस्था त्यांनी नाकारली. कला नाकारली असती तर आंबेडकरी जलसे उभे राहिले असते का? भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तीच ढोलकी, तोच वग घेतला आणि त्यात सत्याग्रह, शिक्षण, स्वाभिमान आणला. अण्णा भाऊ साठे यांनी गणातला देव बाजूला करून मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केले, गवळण काढून टाकली. साचा तोच राहिला, मालकी बदलली. देवीच्या रूपकाला आपल्या लोकांनी दिलेले हे उत्तर आहे.

मग आता काय करायचे?

चित्र फाडा असे आम्ही म्हणत नाही. पण शाळेत विद्येची देवता म्हणून सरस्वती असेल तर शेजारी सावित्रीबाई हव्यातच, कारण इथल्या मुलींना प्रत्यक्षात त्यांनी शिकवले. तसेच नाट्यगृहात नटराजपूजन होत असेल तर त्या भिंतीवर पवळाबाई आणि विठाबाईंचे फोटो, नावानिशी, का नसावेत?

फोटोपेक्षा जास्त गरज व्यवहाराची आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तमाशाची सुपारी द्यायला जातात. आमच्या भागातल्या कमिट्यांना आमची विनंती आहे की सुपारी ठरवताना पाच गोष्टी कागदावर घ्या : बायकांना कपडे बदलायला बंदिस्त जागा, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, दारू पिऊन कनातीत शिरणाऱ्यांचा बंदोबस्त, आणि ठरलेली रक्कम त्याच रात्री. ज्येष्ठ कलावंतांना मानधन देणारी सरकारी योजना आहे, पण त्यासाठी कला सादर केल्याचे पुरावे लागतात. आयुष्यभर फडात नाचलेल्या बाईकडे कसला आलाय कागद? तिचे नाव हँडबिलावर नसते, करारावर फडमालकाची सही असते. यात्रा कमिटीने आणि ग्रामपंचायतीने कलाकारांची नावे घालून साधे प्रमाणपत्र दिले तरी उद्या ते म्हातारपणी कामाला येईल. याला खर्च एका कागदाचा आहे.

मळवलीच्या चित्राखाली बाईचे नाव छापले गेले नाही, ते आता बदलता येणार नाही. येत्या यात्रेच्या हँडबिलावर मात्र ते छापता येईल. यात्रा कमिटीत आपले तरुण असतील तर हा विषय त्यांनी मांडावा, नसतील तर आधी कमिटीत जावे.

जय भीम, जय सावित्री.