एतद्देशीय धर्मगुरूंचे हक्क आणि नियतकालिके : फादर आल्वारिश यांचा लढा

प्रास्ताविक
भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यात आले. परंतु सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील मुद्रण थांबले व १८२१ पर्यंत पुन्हा सुरू झाले नाही. या मधल्या काळात एतद्देशीय कॅथलिक धर्मगुरूंचे गाऱ्हाणे मात्र वाढत गेले. पात्रता असूनही उच्च धर्मपदे युरोपीयांनाच मिळत. १७८७ मधील 'पिंटोंच्या कटा'त धर्मगुरू सामील झाले, त्यामागे ही उपेक्षा होती. जाहीर व्यासपीठाच्या अभावी असंतोषाला कटाचे रूप आले.

नियतकालिकांचे व्यासपीठ
एकोणिसाव्या शतकात ही परिस्थिती पालटली. वेर्णे येथे १८३६ मध्ये जन्मलेले फादर आंतोनियो फ्रान्सिश्कु शाव्हियर आल्वारिश यांनी 'आ क्रुझ', 'आ व्हेर्दादि', 'ओ ब्रादु इंदियानु' या पोर्तुगीज नियतकालिकांतून चर्च व शासन या दोहोंवर टीका केली. १८८६ च्या करारान्वये पोर्तुगालच्या धार्मिक आश्रयाधिकाराचे, म्हणजेच पाद्रुआदोचे, क्षेत्र घटले. साष्टी व वसई दमण धर्मप्रांताकडे राहिली. इतरत्र अनेक धर्मग्राम रोमच्या प्रोपागांडा संस्थेच्या युरोपीय मिशनऱ्यांकडे गेले. गोमंतकीय धर्मगुरूंच्या दृष्टीने हा पद, प्रतिष्ठा व उपजीविका यांचा प्रश्न होता. ज्या पोर्तुगीज सत्तेने त्यांना डावलले, तिच्याच आश्रयाधिकाराचे समर्थन त्यांना करावे लागले, हा यातील अंतर्विरोध होय.

परिणाम
धार्मिक नियतकालिकाचे अस्तित्व धर्माधिकाऱ्यांच्या मान्यतेवर अवलंबून असते. ती गमावल्यावर आल्वारिश यांच्यापुढे मौन अथवा बहिर्गमन एवढेच पर्याय उरले. त्यांनी मलंकरा सीरियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रवेश केला; १८८९ मध्ये 'मार यूलियस' या नावाने त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. रोमन चर्चने त्यांना बहिष्कृत केले. १८९५ मध्ये पोर्तुगीज शासनाने त्यांना अटकही केली.

समारोप
२३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी तिबुर्सियस रोश तुतिकोरीनचे बिशप झाले. लॅटिन परंपरेतील ते आधुनिक काळातील पहिले भारतीय बिशप होत. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले. एतद्देशीयांना हे स्थान मिळाले ते रोमच्या निर्णयाने. त्यासाठी लेखणी झिजविणाऱ्या आल्वारिश यांना मात्र त्यांच्या चर्चमध्ये जागा उरली नाही. नियतकालिकांनी प्रश्न जाहीर केला. तो सोडविण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता.