जुमला आणि जूमला

जुने जमाखर्चाचे कागद ज्यांनी हाताळले आहेत, त्यांस 'जुमला' हा शब्द अपरिचित नाही. सर्व मिळून, एकूण, असा त्याचा अर्थ. मूळ शब्द अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि दप्तरांत स्थिरावला. शिवकालीन घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी रचना होती. म्हणजे सव्वाशे स्वार मिळून एक जुमला. आमच्याकडील हिंदी प्रांतात मात्र जुमला म्हणजे वाक्य, आणि अलीकडे राजकारणाने या शब्दाची जी शोभा केली ती वाचक जाणतातच. हाच अरबी शब्द समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही उतरला व स्वाहिली भाषेत अर्थ न बदलता राहिला. तेथून तो २००५ साली एका निराळ्याच कामासाठी उचलला गेला. संकेतस्थळे उभारण्याच्या एका मुक्तस्रोत प्रणालीस नाव हवे होते. ते 'जूमला' असे ठेवण्यात आले.

आम्ही संगणकशास्त्राचे जाणकार नव्हे. आमची हयात मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत गेली, त्यांतील काही वर्षे संस्थांच्या नोंदणीचे काम पाहण्यात. निवृत्तीनंतर गावातील एका मराठी संस्थेचे कार्यवाहपद आमच्याकडे आले आणि त्याबरोबर एका मृत संकेतस्थळाचा वारसाही. ते कशाने मेले हे शोधू लागलो आणि या प्रणालीच्या इतिहासात गुंतलो. आम्हांस जे दिसले ते संस्था पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांनी दिसले, एवढे आरंभी सांगितलेले बरे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. आरंभीच्या काळात संकेतस्थळाचे प्रत्येक पान हाताने रचावे लागे. एखाद्या लेखातील काना सुधारायचा तरी जाणकारास बोलवावे लागे. पुढे अशा प्रणाली निघाल्या, की ज्यांत मजकूर एका कोठारात राहतो, मांडणीचा साचा निराळा राहतो, आणि वाचकाने पान मागितले की दोहोंची गाठ घालून ते त्यास दिले जाते. त्यामुळे लेखक लिहितो, संपादक तपासतो आणि यंत्राचे अंतरंग दोघांनाही ठाऊक असावे लागत नाही. मुक्तस्रोत म्हणजे या प्रणालीची मूळ संहिता कोणीही पाहावी, बदलावी, वाटावी. अट एवढीच की बदललेली संहिता दुसऱ्यास दिली, तर त्यासही तेच स्वातंत्र्य द्यावे. ही अट ज्या परवान्यात लिहिली आहे त्याचे नाव 'जीपीएल'. त्याचे जनक अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन.

'माम्बो' ही अशीच एक प्रणाली. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील 'मिरो' नामक कंपनीने २००० साली ती रचण्यास आरंभ केला आणि २००१ साली जीपीएलखाली खुली केली. मग जे घडते ते घडले. देशोदेशीच्या हौशी व व्यावसायिक मंडळींनी ती हाती घेतली, तिच्यातील चुका काढल्या, भर घातली, भाषांतरे केली. दोन-चार वर्षांत अशी स्थिती आली की नाव आणि स्वामित्व कंपनीकडे, आणि काम जवळजवळ सगळे बाहेरच्यांकडे. अँड्र्यू एडी हे त्या काळी विकासकांचे अग्रणी. प्रणालीस पारितोषिके मिळू लागली, तसा प्रश्नही उभा राहिला की हे घर नक्की कोणाचे.

त्याचे उत्तर म्हणून २००५ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने 'माम्बो फाउंडेशन' स्थापिले. कागदावर ते समुदायासाठी होते. विकासकांचे म्हणणे असे की, ते स्थापिताना आम्हांस विचारले नाही, मंडळाची सूत्रे कंपनीच्याच हाती राहिली, आणि संहितेचे स्वामित्व फाउंडेशनकडे देण्याचे वचन पाळले गेले नाही. १७ ऑगस्ट २००५ रोजी त्यांनी खुले पत्र काढून सामुदायिक राजीनामा दिला. प्रणाली घडविणारा गाभ्याचा गट जवळपास सगळाच बाहेर पडला.

येथे आमच्या जुन्या खात्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १८६० चा संस्था-नोंदणी कायदा सात माणसांनी संस्था काढावी असे सांगतो. ती विसर्जित झाल्यास मालमत्ता सभासदांनी वाटून घेऊ नये, तत्सम हेतूच्या दुसऱ्या संस्थेस द्यावी असेही सांगतो. परंतु संस्था दुभंगली, दोन्ही बाजूंस मूळ हेतूचीच चाड असली, तर काय करावे याविषयी तो फारसे काही सांगत नाही. मग इमारत कोणाची, ठेव कोणाची, शिक्का कोणाचा, यांवर तंटे चालतात. आम्ही असे तंटे पाहिले. दोन्ही पक्षांचे वकील धडधाकट राहिले, संस्था मात्र खंगल्या.

मेलबर्नच्या तंट्यात इमारत नव्हती. होती ती संहिता, आणि ती परवान्यामुळे दोन्ही पक्षांची. बाहेर पडणाऱ्यांनी तिची शेवटची ओळसुद्धा बरोबर नेली, आणि मागे राहिलेल्यांची एकही ओळ त्यामुळे कमी झाली नाही. असा दुभंग आमच्या अनुभवात नाही. मात्र नाव त्यांस नेता आले नाही, नाव कंपनीचे. पंधरा दिवस ही मंडळी निनावी होती. १ सप्टेंबरला 'जूमला' हे नाव जाहीर झाले. बोधचिन्हासाठी लोकांकडून आराखडे मागविले व मते घेतली. सप्टेंबरच्या मध्यास पहिली आवृत्ती आली. ती म्हणजे बहुतांशी माम्बोच, काही दोष दुरुस्त करून नव्या पाटीखाली.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ही बंडखोर मंडळी विनानोंदणीची राहिली नाहीत. मुक्तस्रोत प्रकल्पांस कायद्याचा सल्ला देणाऱ्या न्यूयॉर्कच्या विधिकेंद्राची मदत घेऊन त्यांनी 'ओपन सोर्स मॅटर्स' ही ना-नफा संस्था त्याच वर्षी स्थापिली. नाव, बोधचिन्ह, पैसा हे तिच्या ताब्यात. ज्या गोष्टींवरून भांडण झाले त्या प्रथम कुलुपात ठेवल्या, आणि किल्ली कोणा एका कंपनीकडे दिली नाही. आम्हांस हा व्यवहार फार शहाणपणाचा वाटतो.

नव्या घरात सारे गोडच होते असे नाही. २००७ साली जूमलाच्या धुरिणांनी असा पवित्रा घेतला की प्रणालीस जोडावयाच्या पुरवण्यांनाही जीपीएलचेच बंधन लागू आहे. ज्यांनी अशा पुरवण्या कुलूपबंद संहितेत विकून पोट भरले होते, ते संतापले. स्वातंत्र्यासाठी घर सोडले आणि आता आम्हांस नियम शिकवता, असा त्यांचा सूर. पुरवण्यांच्या अधिकृत सूचीतूनही पुढे जीपीएलबाह्य पुरवण्या वगळण्यात आल्या. आमचे मत धुरिणांच्या बाजूने आहे. पण ज्यांचा धंदा बसला त्यांची तक्रार खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही.

आता नवलाईविषयी. आम्हां देवनागरी लिहिणाऱ्यांस सर्वांत मोलाची आवृत्ती म्हणजे जानेवारी २००८ मधील १.५. तीत युनिकोडचा पूर्ण अंगीकार झाला. तोवर मराठी संकेतस्थळ पाहावयाचे तर अमुक फॉन्ट उतरवून घ्या अशी पाटी असे, आणि तो नसल्यास पडद्यावर अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसे. 'मनोगत', 'मिसळपाव' यांसारखी मराठी स्थळे 'द्रुपल' या भावकीतल्या प्रणालीवर उभी राहिली, तीही याच युनिकोडच्या आधाराने.

१.५ मध्ये अधिकारांची उतरंड ठरीव होती: लेखकाने लिहावे, संपादकाने दुसऱ्याचे सुधारावे, प्रकाशकाने प्रसिद्ध करावे, त्यांवर व्यवस्थापक, प्रशासक, महाप्रशासक. आम्हांस हे वाचून कचेरीत बसल्यासारखे वाटले. २०११ च्या १.६ या आवृत्तीने ही उतरंड मोडली. कोणत्या गटास कोठे काय करता यावे हे ज्याचे त्याने ठरवावे अशी सोय केली. विभाग व उपविभाग एवढ्या दोनच पायऱ्या होत्या, त्याही मर्यादा सुटल्या. पुढे २०१३ मध्ये लेखाचे पूर्वीचे खर्डे जपण्याची व्यवस्था आली.

परंतु या प्रगतीला एक काळी बाजू आहे, आणि ती आमच्या अंगावर आली. १.० वरून १.५ वर, आणि १.५ वरून पुढे, जाणे म्हणजे जवळजवळ घर बदलणेच होते. सामान जसेच्या तसे जात नसे. ज्यांच्याकडे जाणकार होते ते गेले; लहान संस्था मागे राहिल्या. आमच्या संस्थेचे स्थळ एका उत्साही तरुण सभासदाने २०१० साली १.५ वर उभारले, त्रैमासिकाच्या जुन्या अंकांची लेखसूची त्यावर चढविली, आणि नोकरीनिमित्त तो परगावी गेला. २०१२ साली त्या आवृत्तीचा आधार संपला. आमच्या कार्यकारिणीस ते कोणी सांगितले नाही, सांगितले असते तरी कळले नसते. २०१४ मध्ये एका सकाळी संपादकीयाच्या जागी परदेशी औषधांच्या जाहिराती दिसू लागल्या. स्थळ बंद केले. लेखसूची गेली ती गेलीच, असे सर्वांनी धरले.

२०२१ साली तरुण मंडळी आमच्याकडे आली. १७ ऑगस्टला, म्हणजे त्या राजीनाम्याच्या दिवशीच, सोळा वर्षांनी, जूमलाची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली होती. तिच्याबरोबर जुन्या शाखेची ३.१० ही शेवटची आवृत्ती आली. ती जुन्यांस नव्याकडे नेण्यासाठीच रचलेली, आणि तिचे उपनाव स्वाहिलीत 'दराजा', म्हणजे पूल. (आपला 'दर्जा' याच अरबी मुळाचा, मूळ अर्थ पायरी.) पूर्वीच्या स्थलांतरांतून ही मंडळी शिकली, असे म्हणावयास हरकत नाही. चौथ्या आवृत्तीत लेखाने मसुदा, तपासणी, प्रसिद्धी अशा टप्प्यांतून कसे जावे हे ठरविता येते, आणि दृष्टिहीनांस वाचनयंत्राने स्थळ वापरता यावे याकडे कसोशीने लक्ष दिलेले आहे. तरुणांचा प्रस्ताव होता की नवे स्थळ यावर उभारू; मात्र लेख प्रसिद्ध करण्याचा अधिकार पाच जणांच्या संपादकमंडळास द्या, प्रत्येक लेख कार्यकारिणीपुढे नको.

कार्यकारिणीने नकार दिला. ठराव आम्हीच लिहिला. २०२२ मध्ये अकरा जण बाहेर पडले व आमच्या संस्थेच्या नावाआधी 'नव' लावून नोंदणीस गेले. आम्ही हरकत घेतली. मसुदा कसा करावा हे आम्हांस चांगलेच ठाऊक होते, आणि कायदा आमच्या बाजूने होता. त्यांनी दुसरे नाव घेतले. त्यावेळी आम्हांस समाधान वाटले होते, हे लपवीत नाही.

माम्बोकडे नाव राहिले, फाउंडेशन राहिले. त्यांनी पुन्हा काही माणसे जमविली. त्यांतलीही काही २००८ च्या सुमारास बाहेर पडून वेगळी झाली. त्या वर्षानंतर माम्बोची नवी आवृत्ती निघाली नाही. जूमलाचे संस्थापकही पुढे एकेक करून बाजूस झाले. 'वर्डप्रेस' या प्रतिस्पर्ध्याचा पसारा तर कितीतरी पट वाढला. पण जूमला चालू आहे. 'जूमला डे' या नावाने गावोगावी मेळावे भरतात. वक्ते, श्रोते आणि चहा वाटणारे बहुधा तेच असतात. 'पिझ्झा, बग्ज अँड फन' या नावाचे दिवस असतात. त्या दिवशी एकत्र बसून खावयाचे आणि चुका दुरुस्त करावयाच्या. २०१५ साली त्यांची जागतिक परिषद बंगळुरूला झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सहावी आवृत्ती आली. गाभ्याची दुरुस्ती आपोआप व्हावी अशी सोय आता झाली आहे. ती अकरा वर्षे आधी असती तर आमच्या संपादकीयाची जागा शाबूत राहिली असती.

गेल्या दिवाळीनंतर अकरांपैकी एक जण घरी आला. "काका, हे तुमचं," म्हणून त्याने एक पेन ड्राइव्ह पुढे ठेवला. २०१० साली स्थळ उभारणाऱ्याने परगावी जाताना लेखसूचीची प्रत याच्याकडे ठेवली होती. ती जुन्या संगणकात सापडली. आम्ही विचारले, "तुम्ही ठेवणार नाही?" तो म्हणाला, "आमच्याकडे आहेच की. दिल्यानं ती थोडीच जाते?"

त्यांचे संकेतस्थळ आम्ही त्या रात्री प्रथमच उघडले. लेखसूची तेथे लावलेली आहे. वर्ष, अंक, लेखक, विषय, कशावरूनही शोधता येते. १९७८ च्या एका अंकातील आमचा पहिला लेखही सापडला, तो आम्हांस स्वतःलाही हवा होता. तळाशी ही सूची मूळ कोणत्या संस्थेची, ते पूर्ण नावानिशी लिहिले आहे. नाव आमचे आहे, 'नव' न लावता.