ट्रॅक्टर सफर

शेतावर आलेल्या पाहुण्यांना ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत बसवून शिवार दाखवण्याची पद्धत. महाराष्ट्रातील कृषी पर्यटन केंद्रांत बैलगाडीच्या फेरीबरोबर ती आढळते.

कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर नांगरटीइतकाच वाहतुकीसाठी घेतला जातो. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रेठऱ्याच्या कृष्णा, साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्याच्या वाटेला लागतात. गाळप संपले की ट्रॉलीला मोठे काम उरत नाही. लग्नाचे वऱ्हाड, पालीच्या खंडोबाची किंवा चिंचलीच्या मायाक्काची यात्रा यांसाठी ती आधीपासून निघतच होती. पाहुण्यांची फेरी हा त्याच सवयीचा पुढचा, पैसे मिळवून देणारा प्रकार. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे 2005 मध्ये कृषी पर्यटनाचे केंद्र उभे राहिले आणि 2020 मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. त्यामुळे अशा फेऱ्यांना व्यवसायाचे रूप आले.

काय दिसते ते हंगामावर ठरते. पौष-माघात माणदेश आणि जत भागात शाळूचा हुरडा, त्यानंतर तासगावकडे द्राक्षतोडणी आणि बेदाण्याची शेड, कराड भागात गुऱ्हाळ, तर महाबळेश्वर-पाचगणी परिसरात थंडीभर स्ट्रॉबेरी. पाहण्याजोगे ते शेतातले काम. म्हणून मालक जिथे ट्रॅक्टर थांबवून चुलाणाशी किंवा द्राक्षाच्या मांडवाखाली नेतो, तीच फेरी खरी; नुसती बांधाला वळसा घालून, वर गाणी लावून आणणारी फेरी म्हणजे जत्रेतला पाळणा.

ट्रॉलीत गादी किंवा बाकडी टाकतात, फाळका लावून घेतात. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. सगळे मागे बसले तर पुढचा भाग उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते. म्हणून माणसे आसाच्या पुढे-मागे वाटून बसवतात. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळे उतारावर ट्रॅक्टर गिअरमध्येच ठेवावा लागतो. मडगार्डवर बसून फोटो काढण्याची हौस सर्वांत धोक्याची. ट्रॉली हे मालवाहू वाहन असल्याने भाडे घेऊन माणसे सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाहीत. फेरी शेताच्या हद्दीतच ठेवावी लागते.

परदेशात ही पद्धत काही ठिकाणी समुद्रकाठीही रुळली, कारण वाळूत मोटार रुतते आणि ट्रॅक्टरची मोठी चाके तरतात. डेन्मार्कमध्ये स्केगन येथे ‘सँडॉर्मेन’ नावाची ट्रॅक्टरची गाडी ग्रेनेनच्या टोकापर्यंत जाते. तिथे दोन समुद्र एकमेकांना भिडतात. न्यूझीलंडमध्ये केप किडनॅपर्सच्या गॅनेट पक्ष्यांच्या वसाहतीकडे ट्रॅक्टर किनाऱ्याने जात असत आणि त्यांचे वेळापत्रक ओहोटी पाहून ठरत असे.