कासिमजान गल्लीतील गालिबचे घर

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे सुटीत दिल्ली-आग्र्याची सफर करतात. लाल किल्ला, जामा मशीद, कुतुबमिनार पाहून होतात आणि मंडळी आग्र्याची गाडी धरतात. जामा मशिदीपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, बल्लीमारान मोहल्ल्यातील कासिमजान गल्लीत, मिर्झा असदुल्लाखान गालिब यांची हवेली आहे, याची दखल फार थोडे घेतात.

हवेली म्हटल्यावर मोठी अपेक्षा ठेवू नये. लाखोरी विटांचे बांधकाम, भिंतींवर लावलेले शेर, काही ग्रंथ, त्या काळच्या पोशाखांचे नमुने आणि हुक्का घेऊन बसलेला गालिबचा पुतळा, एवढाच संसार आहे. शिवाय हे घर गालिबच्या मालकीचे नव्हतेच! १७९७ साली आग्र्यात जन्मलेला, तेराव्या वर्षी लग्न होऊन पुढे दिल्लीकर झालेला हा शायर जन्मभर भाड्याच्या नाहीतर मेहेरबानीच्या घरात राहिला. अखेरची वर्षे या हवेलीत गेली. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी त्याचे निधन झाले. पुढे येथे दुकाने थाटली गेली, हीटर बनविण्याचा कारखानाही चालला. १९९९ मध्ये दिल्ली सरकारने हवेलीचा काही भाग ताब्यात घेतला आणि दुरुस्तीनंतर स्मारक म्हणून खुला केला. म्हणजे तब्बल एकशेतीस वर्षे आपण सर्वांनी हे घर वाऱ्यावर सोडले होते. येथील अर्धपुतळा २०१० मध्ये कवी गुलजार यांनी दिला. तो घडविणारे शिल्पकार भगवान रामपुरे हे आपल्या सोलापूरचे, हे मुलांना जरूर सांगावे.

विद्यार्थ्यांनी येथे मांडलेले ग्रंथ पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गालिबचे चरित्रकार मौलाना हाली लिहितात की, गालिब पुस्तके विकत घेत नसे. भाड्याने आणून वाचावयाची आणि परत करावयाची. स्वतःच्या गझलाही तो जपून ठेवीत नसे. नवाब झियाउद्दीन अहमदखान आणि हुसेन मिर्झा हे दोघे स्नेही त्याचे काव्य उतरवून आपल्या ग्रंथालयांत ठेवीत. १८५७ च्या धामधुमीत ती दोन्ही ग्रंथालये लुटली गेली. नंतर एकदा एका भिकाऱ्याच्या तोंडून स्वतःचीच गझल कानी पडली, त्याच्याकडील कागद पाहून आपल्याला रडू आले, असे गालिबनेच एका पत्रात नमूद केले आहे. सुदैवाने त्याचा उर्दू दीवान १८४१ पासून छापला जात होता. छापखाना नसता तर आज यातील किती उरले असते?

त्या वर्षी त्याचा भाऊ मिर्झा युसूफही गेला. दरबार संपला, पेन्शन बंद पडली. पेन्शनीचे दुखणे जुनेच होते. साडेबासष्ट रुपये दरमहा मिळत, ते वाढावेत म्हणून तो १८२६ मध्ये निघून कलकत्त्यापर्यंत गेला होता आणि १८२९ मध्ये हात हलवीत परतला होता. १८५९ पासून रामपूरच्या नवाबांनी दरमहा शंभर रुपये सुरू केले, त्यावर चूल पेटत राहिली.

दिल्ली कॉलेजातील फारसीच्या अध्यापकाची जागा त्याला १८४२ च्या सुमारास देऊ केली होती. तो पालखीतून गेला आणि थॉमसन साहेब सामोरे येईनात म्हणून दारातूनच परतला, ही हकीगत प्रसिद्ध आहे. आपल्याकडे ती बाणेदारपणाचा नमुना म्हणून सांगतात. आम्हांस मात्र त्या कॉलेजातील मुलांची हळहळ वाटते. गालिबपुढे बसून फारसी शिकण्याची त्यांची संधी एका स्वागतापायी हुकली.

दिवस हाताशी असेल तर तेथून निजामुद्दीनला जावे. दर्ग्याच्या वाटेवर संगमरवरी जाळीच्या आवारात गालिबची कबर आहे. शेजारीच १९६९ मध्ये, त्याच्या मृत्युशताब्दीस, राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांच्या हस्ते उघडलेली गालिब अकादमी असून तिचेही छोटे संग्रहालय आहे. गालिबची सात अपत्ये लहानपणीच गेली. त्या सर्वांना पुरलेली उमराव बेगम १८७० मध्ये वारली. तिची कबरही येथेच जवळ आहे, पण तिच्यापाशी थांबणारे विरळाच.