बासच्या आमिषांचा इतिहास

ब्लॅक बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, गोड्या पाण्यातला मासा. हौशी मासेमारांना त्याच्या दोन जाती विशेष प्रिय आहेत, लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. दोन्हींना 1802 मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने शास्त्रीय नावे दिली. रायगडच्या खाड्यांतला जिताडा, म्हणजेच गोव्याचा चोणक, यालाही इंग्रजीत 'सी बास' म्हणतात. पण त्याचे आणि अमेरिकन बासचे कूळ वेगळे.

बास दबा धरून शिकार करतो. पाणवनस्पती, बुडालेले ओंडके, खडकांच्या कपारी अशा आडोशाला तो थांबतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की तोंड उघडून ते पाण्यासकट आत ओढून घेतो. संशय आला तर तितक्याच झटकन बाहेर टाकतो. त्यामुळे त्याच्यासाठी आमिष घडवणाऱ्यापुढे कायम दोन प्रश्न राहिले. मासा ज्या थरात बसला आहे तिथे आमिष पोचवायचे कसे आणि तिथे ते जिवंत भासवायचे कसे? दीडशे वर्षांत निघालेल्या आमिषांचे आकार नि रंग मोजता येणार नाहीत इतके आहेत. तरी त्यांचा इतिहास समजून घ्यायचा तर पाण्याच्या थरांच्या क्रमाने गेलेले बरे, कारण खरी प्रगती तिथेच झाली.

एकोणिसाव्या शतकात बास मुख्यतः जिवंत आमिषावर धरला जाई: लहान मासे, बेडूक, क्रेफिश. केंटकीतल्या पॅरिस गावचा घड्याळजी जॉर्ज स्नायडर याने शतकाच्या पूर्वार्धात अशा मासेमारीसाठी सफाईने फिरणारे दातेरी चाकांचे रीळ बनवले. न्यूयॉर्क राज्यातल्या ज्युलिओ ब्यूएलने 1852 मध्ये पाण्यात गरगर फिरणाऱ्या धातूच्या चमच्याचे पेटंट घेतले. 1881 मध्ये डॉ. जेम्स हेन्शॉल यांचे 'बुक ऑफ द ब्लॅक बास' प्रसिद्ध झाले आणि तोवर ट्राउटपुढे दुय्यम मानल्या गेलेल्या या माशाला प्रतिष्ठा मिळाली.

लाकडी आमिषाची सुरुवात मिशिगनमधल्या डोवाजॅक गावाशी जोडली जाते. जेम्स हेडन हा तिथला नामांकित मधमाशीपालक. गिरणीच्या तळ्याकाठी बसून तो चाकूने काठी तासत होता, हातातला तुकडा त्याने सहज पाण्यात फेकला आणि बासने त्यावर झडप घातली, अशी कथा सांगतात. कथा कितपत खरी हे बाजूला ठेवले तरी 1902 चे पेटंट खरे आहे आणि डोवाजॅकमध्ये उभा राहिलेला कारखानाही. रंगाचे थरावर थर चढवलेले, काचेचे डोळे बसवलेले हेडनचे लाकडी मासे आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. त्याच सुमारास कॅलमझूच्या विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर याने दोर रिळावर सारखा पसरवून गुंडाळणारी यंत्रणा आणली. दूरवर आमिष फेकताना दोराचा गुंता होणे हा नवशिक्यांचा मोठा जाच होता. तो पुष्कळसा कमी झाला.

ही सुरुवातीची लाकडी आमिषे बहुतांशी पृष्ठभागावरची होती. बास वर बघून झेपावतो, पाणी फुटते, मासा दिसतो. पाहणाऱ्यालाही थरार वाटावा असा हा प्रकार. आक्रनच्या फ्रेड आर्बोगास्टचे 'जिटरबग' 1938 मध्ये आले. त्याच्या तोंडाशी बसवलेली खोलगट धातूची पट्टी ओढताना पाणी दोन्ही बाजूंना आळीपाळीने ढकलते आणि गुळगुळ असा आवाज करते. काळोख्या रात्रीही मासा त्या आवाजाच्या दिशेने येतो. हेडनच्या 'झारा स्पूक'ला मात्र स्वतःची काहीच चाल नाही. सरळ ओढले तर ते नुसते काठीसारखे येते. रॉडचे टोक खाली ठेवून, दोर किंचित सैल सोडत, ठेक्यात हलके झटके दिले तरच ते नाक डावी-उजवीकडे फिरवत नागमोडी चालते. हा ठेका हातात बसायला वेळ लागतो. आमिष विकत घेणे आणि आमिष वापरता येणे यांतले अंतर सर्वाधिक दिसते ते इथेच.

मासा वर येत नसेल तर आमिषाने खाली जायला हवे. इंडियानातल्या गॅरेट इथल्या क्रीक चब कंपनीने आमिषाच्या हनुवटीला धातूची जीभ लावली. ओढताना पाण्याचा दाब या जिभेवर पडतो, आमिषाचे नाक खाली वळते आणि अंग थरथरू लागते. जीभ लांब आणि अंगाच्या रेषेत असेल तर बुडी खोल. आखूड आणि उभी असेल तर उथळ. 2 जून 1932 रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी तलावात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने याच कंपनीच्या आमिषावर 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा, लार्जमाउथ धरला. मंदीचे दिवस होते, मासा घरी शिजवला गेला. पेरी आणि त्याचा सोबती एकच रॉड आळीपाळीने वापरत होते, असे सांगतात; निवडीचा प्रश्नच नव्हता. त्या माशाच्या वजनाचा जागतिक विक्रम 77 वर्षे टिकला. 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली, तीही जिवंत ब्लूगिल माशावर. वजन पेरीच्या माशाहून औंसभरही जास्त भरले नाही आणि नियमाने दोन औंसांचा फरक लागत असल्याने दोघे बरोबरीत राहिले.

मधल्या थरातल्या आमिषांत युरोपची भर मोलाची आहे. फिनलंडचा कोळी लाउरी रापाला याने पाहिले की मोठे मासे थव्यातल्या नेमक्या लडखडणाऱ्या माशावर तुटून पडतात. 1936 मध्ये त्याने बूच कोरून तशीच चाल असलेला मासा बनवला. वरून चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि पाणी शिरू नये म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. अमेरिकेत त्याचे नाव झाले ते ऑगस्ट 1962 मध्ये, 'लाइफ' मासिकाच्या मेरिलिन मन्रोवरच्या अंकात लेख आल्यावर. इतके हलके आमिष जुन्या रिळाने दूर जात नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर पसरलेली स्पिनिंग रिळे आणि नायलॉनचा तंगूस यांनी ती सोय आधीच करून ठेवली होती.

तळाचा थर मात्र सर्वांत उशिरा हाती आला आणि बासच्या मासेमारीचे रूप खऱ्या अर्थाने बदलले ते तिथेच. याला कारण ठरली धरणे. 1933 मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली आणि पुढच्या तीसेक वर्षांत दक्षिणेत प्रचंड जलाशय उभे राहिले. त्यांच्या तळाशी जुने रस्ते, ओढ्यांची पात्रे, उभी झाडे तशीच बुडाली. बास त्यांच्या आसऱ्याला गेला, काठावरून आमिष फेकणाऱ्याच्या आटोक्याबाहेर. नॉर्थ कॅरोलायनाच्या बक पेरीने 1946 मध्ये पत्र्याचे वाकवलेले 'स्पूनप्लग' आणले. त्याचे संच वेगवेगळ्या आकारांचे होते आणि प्रत्येक आकार ठरावीक खोलीवर चाले. त्यांच्या आधारे तळ चाचपत जायचे, उंचवटे नि खड्डे शोधायचे. रंग आणि आकार नंतर, आधी खोली आणि वेग, ही बक पेरीची शिकवण. आमिषे निवडायला शिकणाऱ्याला याहून उपयोगी धडा पुढेही कुणी दिला नाही.

दुसरी क्रांती स्वयंपाकघरात झाली. आक्रनचा निक क्रीम हा यंत्रकामगार. 1949 मध्ये त्याने पत्नी कॉस्मासह घरच्या शेगडीवर व्हिनाइल वितळवून साच्यात ओतले आणि मऊ, लवचीक गांडूळ बनवले. पुढे कारखाना टेक्सासमधल्या टायलरला गेला आणि तिथल्या झाडाझुडपांनी भरलेल्या जलाशयांत 'टेक्सास रिग' रुजले. त्याची जुळणी साधी आहे. गोळीच्या आकाराचे भोक पाडलेले शिसे तंगुसात ओवायचे, त्याखाली गळ बांधायचा. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात जरासे खुपसून बाजूने काढायचे, गळ उलटा फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात दडवायचे. टोक बाहेर नसल्याने आमिष फांद्यांतून, शेवाळातून न अडकता सरकते. बास ते मऊ अंग तोंडात किंचित जास्त वेळ धरतो. हाताला कळते ती एक हलकी टिचकी, किंवा तेवढेही नाही. तंगूस नुसता एका बाजूला सरकू लागतो. तो क्षण ओळखायला शिकणे हे गांडुळाच्या मासेमारीचे सार आहे आणि ते पुस्तकातून येत नाही.

1967 मध्ये विमा एजंट रे स्कॉटने आर्कान्साच्या बीव्हर तलावावर स्पर्धा भरवली. पुढच्याच वर्षी त्याने 'बास' ही संघटना स्थापली. तोवर आपले आवडते आमिष आणि जागा लपवणे ही रीत होती. स्पर्धेत तीन दिवस सर्वांसमोर मासे तोलले जाऊ लागले, विजेत्याचे आमिष मासिकात छापून येऊ लागले आणि गुपिते फार काळ टिकेनाशी झाली. 1971 ची पहिली 'क्लासिक' स्पर्धा मीड तलावावर झाली. जागा विमानात बसल्यावर सांगण्यात आली आणि प्रत्येकाला फक्त दहा पौंड सामान नेण्याची मुभा होती. अनोळखी पाण्यासाठी मोजकी आमिषे निवडण्याची ही कसोटी आर्कान्साच्या बॉबी मरेने जिंकली.

या स्पर्धांमुळेच टेनेसीच्या फ्रेड यंगचे बाल्सा लाकडाचे 'बिग ओ' गाजले. ओडिस या धिप्पाड भावाचे नाव दिलेले हे गुबगुबीत आमिष हाताने कोरलेले, त्यामुळे दुर्मीळ. स्पर्धक ते भाड्याने घेत. 1973 मध्ये कॉटन कॉर्डेलने त्याची प्लॅस्टिक आवृत्ती काढली आणि पहिल्याच वर्षी दहा लाखांहून जास्त नग खपले. ओंडक्यांवर आपटत जाणारे, आपटल्यावर दिशा बदलणारे हे आमिष नेमके त्या धक्क्यामुळेच मासा खेचते. कॅलिफोर्नियाच्या डी थॉमसने त्याच दशकात लांब रॉडने जिग, म्हणजे डोक्याशी शिसे ओतलेल्या गळाचे आमिष, अगदी जवळच्या गचपणात अलगद सोडण्याची पद्धत रूढ केली.

रंगांबाबत मात्र मासेमारांचा विश्वास पुराव्याच्या पुढे धावला. बासला लाल आणि हिरवा नीट ओळखता येतो, पण काळा नि निळा, तसेच पांढरा नि फिकट पिवळा यांत तो गोंधळतो, असे प्रयोगांत दिसले आहे. दुकानातल्या शेकडो छटांपैकी बऱ्याच माशापेक्षा गिऱ्हाइकासाठीच असतात.

मासेमारांची गर्दी वाढली तशी आमिषे शांत झाली. 1990 च्या दशकात गॅरी यामामोतोचे 'सेंको' आले: मीठ घातलेली जाड प्लॅस्टिकची कांडी, काही न करता नुसती बुडताना थरथरणारी. त्याच सुमारास जपानहून 'ड्रॉप शॉट' आले. त्यात शिसे तळाला आणि गळ त्याच्यावर ठरावीक अंतरावर, म्हणजे आमिष एका जागी तरंगत राहते. पण 2011 च्या ऑक्टोबरमध्ये पॉल इलायसने अलाबामातल्या गंटर्सव्हिल तलावावर चार दिवसांत 100 पौंडांहून जास्त वजनाचे 20 बास तोलले. त्याने वापरलेल्या तारांच्या सांगाड्याला एकाच वेळी पाच आमिषे लटकत होती. लहान माशांचा अख्खा थवाच. काही आठवड्यांत देशभर त्याला मागणी आली. मग वाद पेटला: ही मासेमारी की लूट? 'बास' संघटनेने आपल्या वरिष्ठ स्पर्धांत या सांगाड्यावर बंदी घातली. राज्याराज्यांचे नियम मात्र वेगळे आहेत. काही ठिकाणी पाचही आमिषांना गळ लावता येतात, तर काही ठिकाणी दोन किंवा तीनच, आणि उरलेली आमिषे गळाविना नुसती माशाला भुलवण्यापुरती लावतात.